कोयनेची जुनी भेग

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. ६.३ तीव्रतेच्या त्या धक्क्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. कोयना धरणाच्या भिंतीला वरच्या भागात तडे गेले, पण भिंत उभी राहिली. दख्खनचा कातळ म्हणजे हलणारच नाही, हा पिढ्यान् पिढ्यांचा भरवसा मात्र त्या पहाटे कोसळला.

तेव्हापासून एक वाक्य आपल्या तोंडी बसले आहे : धरणामुळे भूकंप झाला. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग समजून घ्यायचा तर आधी खडकाचा स्वभाव पाहायला हवा.

दगड ठिसूळ असतो. प्रयोगशाळेत ग्रॅनाइटची कांडी दोन्ही टोकांनी दाबत नेली, तर ती सरळ चिरडत नाही. आधी आत केसाएवढ्या असंख्य चिरा पडतात, मग त्या एकमेकींना गाठतात आणि कांडी तिरकी तुटते. एकदा अशी तिरकी भेग पडली की पुढचा प्रश्न तुटण्याचा उरत नाही, घसरण्याचा होतो. कोयनेच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, अमेरिकेत विल्यम ब्रेस आणि जेम्स बायर्ली यांनी दाखवून दिले की दाबाखाली असे दोन पृष्ठभाग संथपणे सरकत नाहीत. ते अडून बसतात, ताण साठवतात आणि एकाएकी झटका देऊन सुटतात. धान्याची जड कोठी ढकलताना हेच होते. बराच वेळ ती जागची हलत नाही आणि हलते तेव्हा हिसका देऊनच. भूकंप म्हणजे बहुतेकदा हा हिसका. बायर्ली यांनी पुढे असेही मोजले की दगड कुठलाही असो, घर्षण जवळपास सारखेच असते. फार खोल नसलेल्या थरांत भेगेला जितका दाब आवळून धरतो, त्याच्या सुमारे ८५ टक्के जोर तिला सरकवायला लागतो.

मग पाण्याने काय केले? पाणी वंगणाचे काम करते, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. गरम पाण्याने नुकताच विसळलेला स्टीलचा पेला ओल्या ओट्यावर पालथा घालून पाहा. क्षणभराने तो आपणहून सरकू लागतो. ओटा तेवढाच गुळगुळीत असतो, पण आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि पेल्याचे वजन थोडे उचलून धरते. दगडांच्या फटींत शिरलेले पाणी दाबाखाली असेच करते. ते भेगेच्या दोन्ही बाजूंना आतून रेटते, त्यांची एकमेकींवरची पकड सैल होते आणि आधीपासून अडलेला ताण सुटतो.

इथे आकडे बोलके आहेत. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार दर चौरस सेंटीमीटरला तेराशे किलोच्या आसपास असतो. शंभर मीटर उंच पाण्याचा दाब भरतो जेमतेम दहा किलो. एवढ्याशा दाबाने भेग सुटली, याचा अर्थ ती सुटण्याच्या काठावरच उभी होती. ताण पृथ्वीचा, भेग जुनी; पाण्याने फक्त वेळ ठरवली. धरणात पाणी साठू लागल्यावर १९६२ पासूनच धक्के जाणवू लागले होते, हे विसरता येत नाही. पुढे वारणेचे धरण भरले आणि धक्के दक्षिणेकडे सरकले. हर्ष गुप्ता आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील सहकाऱ्यांनी ही मालिका दशकानुदशके चिकाटीने नोंदवली. हे धक्के सुमारे वीस बाय तीस किलोमीटरच्या टापूतच होतात, म्हणून जगात असा अभ्यास करायला याहून चांगली जागा क्वचितच सापडेल.

म्हणूनच केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडला प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल भोक पाडले. बेसॉल्टचे थर सुमारे सव्वा किलोमीटरवर संपतात आणि खाली ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक लागतो. भूकंप घडतात ते या खालच्या खडकात. तिथे उपकरणे पोहोचवायची, भेगेतला पाण्याचा दाब प्रत्यक्ष मोजायचा, हा या कामाचा हेतू आहे. ते खर्चीक आणि संथ आहे, तरी एका दिवसासाठीही थांबता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि तिथे जे कळेल ते मराठीत, पाटण तालुक्यातल्या शाळांपर्यंत पोहोचले पाहिजे. ती भेग त्या मुलांच्या पायाखाली आहे.

भूकंपाची तारीख आजही कोणी सांगू शकत नाही. घर कसे बांधायचे हे मात्र सांगता येते. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळ्या घातलेल्या काँक्रीटचा सलग आडवा पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळ्या, आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर जड माळवद नको. कोयना-वारणेच्या खोऱ्यात यंदा जो कोणी घर बांधायला काढणार असेल, त्याने पाया घालण्याआधी गवंड्याला हे सांगावे.