मोटारीला माफी, बसला शिक्षा

विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, ऑक्टोबर २०२४ मध्ये, राज्य सरकारने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा पथकर माफ केला. मे २०२५ मध्ये बेस्ट बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. या दोन निर्णयांत राज्यकर्त्यांची वर्गनीती उघडी पडली आहे. मोटारवाल्याचे ४५ रुपये वाचले. धुणीभांडी करणाऱ्या बाईवर मात्र जाऊन-येऊन रोज १० रुपयांचा भुर्दंड पडला. २६ दिवसांच्या कामाचे हे २६० रुपये होतात. ते तिने पायपीट करून वाचवावयाचे की मुलाच्या दुधातून?

यावर ठराविक उत्तर येते: बेस्ट तोट्यात आहे. मग सागरी किनारा मार्गावर बारा हजार कोटींहून अधिक रुपये ओतताना नफ्याचा ताळेबंद कोणी मागितला होता? तेथे मोटारीला पथकरही नाही. उड्डाणपूल, रुंद केलेले रस्ते, रस्त्याकडेला फुकट अडवलेली जागा हा मोटारीचा सारा खर्च सार्वजनिक तिजोरी निमूटपणे सोसते. त्याला 'विकास' म्हणावयाचे आणि बसवरील खर्चाला 'तूट'!

१९४७ साली बेस्ट महापालिकेच्या मालकीची झाली, ती नफा कमावण्यासाठी नव्हे. पुढे कित्येक वर्षे विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भरून निघे. ती वाट बंद झाल्यावर दुसरी शोधण्याऐवजी स्वतःच्या गाड्या घटवून कंत्राटदारांच्या आणण्यात आल्या. २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपये होताच प्रवासी बसकडे परतले होते, हा अनुभवही विसरला गेला.

दुसरी वाट आहे. गजबजलेल्या भागात शिरणाऱ्या मोटारींवर सिंगापूरने १९७५ पासून, लंडनने २००३ पासून शुल्क बसवले. लंडनमध्ये त्याचे उत्पन्न वाहतुकीसाठीच वापरण्याचे कायदेशीर बंधन आहे. ही काही समाजवादी राज्ये नव्हेत.

पथकरमाफीचे स्वागत आपल्यापैकीही काहींनी केले, हे कबूल केले पाहिजे. कंत्राटदाराच्या वसुलीला विरोध रास्तच होता. परंतु मोटारीला सर्वच भारातून मुक्त करणे हा समाजवाद नव्हे. आधी बसगाड्या वाढवा, रुग्ण व अपंगांना सवलत द्या, मग मोटारींवर शुल्क बसवून त्यातील पै न् पै बेस्टला द्या, ही मागणी कार्यकर्त्यांनी प्रत्येक बसथांब्यावर न्यावी. रांगेत ताटकळणाऱ्यांना ती समजावून सांगण्यास फार वेळ लागणार नाही.