तहनाम्यांतील शब्द

महाडहून रायगडाकडे जातांना नाते हें गांव लागतें. तेथें १४ जानेवारी १८९६ रोजीं चिंतामणराव देशमुख यांचा जन्म झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेंत त्यांनीं पहिला क्रमांक व संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली, आणि १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, ही हकीगत महाड-पोलादपुराकडील सुशिक्षित घरांस नवी नाहीं. परंतु पुढच्याच वर्षीं ज्या वाटाघाटींत ते बसले, त्यांविषयीं आपल्याकडे फारसें बोललें जात नाहीं. त्यांकडेच आज आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

१९४४ च्या जुलैंत अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स येथें ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले. युद्धानंतर जगाचा व्यापार सुरळीत चालावा म्हणून एक नाणेनिधि व एक बँक स्थापण्याचा खल तेथें झाला. सर जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थानची जी मंडळी गेली, तींत देशमुख, षण्मुखम् चेट्टी व ए. डी. श्रॉफ हे होते. देश परतंत्र होता. तरी त्यांनीं मौन धरलें नाहीं.

हें आज खात्रीनें सांगतां येतें, याचें श्रेय संशोधकांस आहे. परिषदेंतील बोलणीं उतरून घेतलेलीं टिपणें अमेरिकेच्या अर्थखात्याच्या ग्रंथालयांत पडून होतीं. कर्ट शुलर या अर्थशास्त्रज्ञाच्या तीं दृष्टीस पडलीं व २०१२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. २०१४ सालीं एरिक हेलायनर या कॅनडांतील प्राध्यापकांनीं आपल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, ही परिषद म्हणजे केवळ केन्स व व्हाइट या दोघांचा सामना नव्हता. दरिद्री देशांच्या उन्नतीचा विचारहि तींत होता, व त्यांत हिंदुस्थानचा वाटा होता.

मागण्या मुख्यतः दोन. युद्धकाळांत हिंदुस्थाननें ब्रिटनास माल पुरविला. त्याचें मोल लंडनमध्यें वहींत जमा होत राहिलें. युद्धाअखेर ही बाकी शंभर कोटी पौंडांहून अधिक झाली. इकडे लोकांच्या वांट्यास महागाई व टंचाई आली, आणि १९४३ सालीं बंगालनें भीषण दुष्काळ सोसला. या बाकीपैकीं कांहीं भाग अन्य चलनांत बदलून मिळावा, ही मागणी श्रॉफ यांनीं मांडली. केन्स यांनीं ऋण मान्य केलें, परंतु तें उभय देशांनीं आपसांत मिटवावें असें सांगितलें. मागणी फेटाळली गेली.

दुसरी मागणी शब्दांची होती. नाणेनिधीच्या उद्देशांत मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीचा उल्लेख असावा, असा आग्रह होता. तो त्याच शब्दांत मान्य झाला नाहीं. तथापि सर्व सभासदांच्या उत्पादक साधनांचा विकास, असे शब्द उद्देशकलमांत आले.

पैसा गेला व शब्द मिळाले, यांत लाभ कोणता, असें घरांतील वडील मंडळी विचारतील. मीमांसक म्हणतात, विधि आज्ञा करितो, अर्थवाद स्तुति करितो. पण विधीशीं एकवाक्यता झाली म्हणजे अर्थवादासहि प्रामाण्य येतें. निधीनें आपले सर्व निर्णय या उद्देशांस अनुसरून घ्यावे, असें त्याच कलमाच्या शेवटीं सांगितलें आहे. म्हणून ते शब्द शोभेपुरते नाहींत. न्याय मागणाऱ्यास त्यांवर बोट ठेवतां येतें. देणें बुडालें असतें तर मात्र नुसत्या शब्दांनीं पोट भरलें नसतें, हेंहि खरें.

ही गोष्ट जुनी झाली असें कोणीं समजूं नये. २०१३ सालीं बाली येथें जागतिक व्यापार संघटनेंत, सरकारनें ठरीव भावानें धान्य घेऊन सांठविणें कितपत चालावें, यावर वाद झाला. कायमचा तोडगा निघेपर्यंत, कांहीं अटींवर, अशा योजनांविरुद्ध दावा लावूं नये असें ठरलें. मुदतीविषयीं संदेह उरला, तो २०१४ च्या नोव्हेंबरांत नव्या शब्दांनीं दूर करावा लागला. आपल्या तालुक्यांतील रेशनच्या तांदळापर्यंत हे शब्द येऊन पोंचतात.

तेव्हां ज्या मुलास वा मुलीस व्याकरणाची व वाक्यार्थाची गोडी आहे, त्यास ही विद्या निरुपयोगी असें घरांत कोणीं म्हणूं नये. तिला हिशेबाची व इतिहासाची जोड द्यावी, आणि असे तहनामे मुळांतून वाचावयास लावावें. देशमुखांनीं मेघदूताचें मराठी भाषांतरहि केलें आणि राष्ट्राचा अर्थव्यवहारहि सांभाळला. एका माणसांत दोन्ही नांदूं शकतात.