जातं बाईचं, गिरणी कोणाची?

गेल्या हिवाळ्यात सरावलीच्या आमच्या गटातल्या नऊ जणी एका शिबिरासाठी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादला गेलो होतो. शिबिर दुपारी संपलं, गाडी रात्रीची. मधल्या वेळात पाणचक्की बघू या, असं ठरलं. आमच्यातल्या बहुतेकींनी आपला जिल्हा सोडून केलेला हा पहिलाच प्रवास होता, त्यामुळे बघण्याचा उत्साह दांडगा.

बाबा शाह मुसाफिर या सुफी संतांच्या दर्ग्याचा तो परिसर. मोठा हौद, जुना वड, आणि एका बाजूला ती चक्की. शहराच्या उत्तरेकडचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथवर आणलेलं आहे. ते एका उंच भिंतीत चढवून वरून खाली सोडलं आहे. पडत्या पाण्याच्या जोरावर पात्यांचं चाक फिरतं आणि चाकाच्या दांड्याबरोबर जात्याची वरची तळी फिरते. १७४४ च्या सुमारास ही चक्की झाली. दर्ग्यातले फकीर आणि येणारे-जाणारे वाटसरू यांच्यासाठी इथं पीठ दळलं जाई. आता ती बघण्यापुरतीच उरली आहे.

सगळ्याजणी कौतुकानं बघत होत्या. आमच्या गटातल्या एक वारली मावशी मात्र बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताई, पाणी तं आमच्याकडंही होतं. पावसाळ्यात ओहोळ नुसता धावत असतो. मग माझ्या आयशीला पहाटे उठून नागली का दळायला लागायची?"

मी समाजकार्यात एम.ए. केलं आहे. बायका आणि तंत्रज्ञान या विषयावर निबंधही लिहिला होता. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मावशींचा प्रश्न साधा नाही. पाण्यावर दळण्याची युक्ती जगाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. अँटिपेटर नावाच्या एका ग्रीक कवीनं त्या काळी पाणचक्कीवर एक छोटी कविता लिहिली. दळणाऱ्या बायकांनो, आता कोंबडा आरवला तरी झोपून राहा, तुमचं काम पाणी करील, असा तिचा आशय. कार्ल मार्क्सनं 'भांडवल' या ग्रंथात या कवितेचा उल्लेख केला आहे, तो उपरोधानं. कारण यंत्र आल्यावर कामाचे तास कमी होण्याऐवजी वाढलेलेच त्याला दिसत होते. आपल्याकडं हिमालयाच्या कुशीतल्या गावांमध्ये असेच पाण्यावरचे घराट पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. म्हणजे ज्ञान होतं, पाणी होतं, दगड घडवणारे हातही होते.

तरीही महाराष्ट्रातल्या घराघरांत विसाव्या शतकापर्यंत जातं फिरत राहिलं. मला याचं एक कारण दिसतं. दर्ग्यात रोज अनेकांचं पीठ लागे. ते हातानं दळायचं तर माणसं ठेवायला हवीत, त्यांना पोसायला हवं. त्या श्रमाला किंमत होती, म्हणून तो वाचवण्यासाठी नळ टाकले गेले, भिंत उभारली गेली. घरातल्या दळणाला मात्र किंमतच नव्हती. सून फुकट दळत होती. जे फुकट मिळतं ते वाचवण्यासाठी खर्च कोण करील?

संत जनाबाईंच्या अभंगांतून आणि त्यांच्याभोवतीच्या कथांतून विठ्ठल त्यांच्याबरोबर दळायला बसतो. आपण ही कथा भक्तीची म्हणून ऐकतो आणि ती तशी आहेच. पण एकदा वेगळ्या नजरेनं ऐकून बघा. दळू लागायला प्रत्यक्ष देव येतो, घरातला पुरुष काही येत नाही.

इथं काही मैत्रिणी म्हणतील, की जात्यानं आपल्याला ओव्या दिल्या. खरं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासुरवास, माहेर, नवऱ्याची मारझोड, बाबासाहेबांवरचं प्रेम, सगळं त्यात आहे. हा ठेवा जपलाच पाहिजे. पण ओवी सुचली ती दळणाच्या सुखामुळे नव्हे. दिवसभरात मनातलं बोलायला तेवढीच जागा होती, म्हणून ती तिथं सुचली. आमच्या गटातली खानदेशातून आलेली एक बाई म्हणाली, "गाणी छान होती हो, पण माझ्या आजीच्या तळहाताला शेवटपर्यंत घट्टे होते." जातं गेलं याचं दुःख करण्याचं कारण नाही.

माझा प्रश्न जातं गेल्यानंतरचा आहे. गिरणी आली तेव्हा काय झालं? हातानं दळायचं होतं तोवर ते बायकांचं काम होतं. इंजिन आलं, पट्टा आला, दळणाचे पैसे मिळू लागले आणि ते काम पुरुषाचा धंदा झालं. आपण 'गिरणीवाला' म्हणतो, 'गिरणीवाली' हा शब्द कितीदा ऐकलाय? बाईकडं राहिलं ते धान्य निवडणं, डबा डोक्यावर घेऊन जाणं आणि वीज गेली की तिथंच ताटकळणं.

हेच आमच्याकडं रोज दिसतं. सरावली बोईसरला लागून आहे, तारापूरची औद्योगिक वसाहत शेजारी. आमच्या गटातल्या बऱ्याच जणी कंत्राटावर कामाला जातात. एकीच्या कारखान्यात पूर्वी भरणं आणि मोजणं बायका हातानं करत. मशीन आलं, ते चालवायला पुरुष नेमले, बायकांना उचलणं, पुसणं आणि खोकी बांधणं दिलं. "मशीन मला का शिकवत नाही?" असं तिनं विचारलं, तर सुपरवायझर हसला.

आणि वाचलेला वेळ? पहाटेचे दळणाचे दोन तास वाचले, ते शिफ्टनं घेतले. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोल घरकामात जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांची होती ९७ मिनिटं. आणि घरकाम करणारे पुरुष मुळातच थोडे. गॅस, मिक्सर, गिरणी येऊनही हे चित्र. यंत्रानं काम हलकं केलं, कामाची वाटणी तशीच राहिली.

म्हणून बायकांना घरघंटी वाटण्याच्या सरकारी योजना बघितल्या की मला आनंदही होतो आणि शंकाही येते. घरघंटीनं दोन पैसे मिळतात, ते नाकारू नयेत. पण बाईच्या सबलीकरणाचा विचार पीठ आणि शिलाई यांच्यापुढं जातच नाही का? कारखान्यातलं मोठं मशीन चालवायचं प्रशिक्षण तिला कधी मिळणार? आपल्या संघटनांनी योजनांचे फॉर्म भरून घेताना ही मागणीही लावून धरायला हवी.

नवीन यंत्र, नवीन योजना गावात आली की आपण आपल्या बैठकीत तीन प्रश्न विचारू या. हे कोणाच्या मालकीचं आहे? चालवायला कोणाला शिकवलं? आणि यानं वाचलेला वेळ कोणाकडं गेला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतात. तिसऱ्याला बायका थांबतात, बोटं मोजतात आणि मग बोलू लागतात. आमच्या गटात तरी तसंच झालं.

परतीच्या गाडीत मावशींना खिडकीजवळची जागा दिली. झोपा आता, म्हटलं. त्या म्हणाल्या, "झोपते, पण चारला जाग येईलच. आयशीबरोबर उठायची सवय आहे."

मैत्रिणींनो, तुमच्या गावात पहिली गिरणी कधी आली, कोणी घातली, आणि त्यानंतर तुमच्या आईची किंवा आजीची पहाट कशी बदलली? म्हाताऱ्या बायका आहेत तोवर विचारून घ्या आणि आम्हाला लिहून कळवा.