इंदूरची कोंडी आणि हायब्रिडचे गणित

इंदूरच्या आग्रा-मुंबई मार्गावरील सुमारे साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस मार्गिका हटविण्यास मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये अनुमती दिली. मार्गिका हटली, तरी वाहने कमी होणार नाहीत. पर्वरीत खोळंबणाऱ्या गोमंतकीयांना हे वेगळे सांगायला नको.

अशा कोंडीत स्ट्राँग हायब्रिड मोटार इंजिन बंद ठेवून बॅटरीवर पुढे सरकते. हा लाभ चालकाच्या पायावर अवलंबून असतो. करकचून ब्रेक दाबल्यास बॅटरीत परतू शकणारी ऊर्जा उष्णतेत वाया जाते. दुरूनच हलका ब्रेक लावल्यास ती वाचते. उभ्या मोटारीत वातानुकूलन पूर्ण क्षमतेने चालविल्यास बॅटरी उतरते आणि इंजिन पुन्हा सुरू होते. माइल्ड हायब्रिड तर केवळ बॅटरीवर धावतच नाही. तरीही दोन्ही ‘हायब्रिड’ म्हणूनच विकल्या जातात. ग्राहकाची फसगत होते ती येथेच.