फुकटच्या प्रणालीचा हिशेब

संगणकाच्या खुल्या प्रणालींचा इतिहास हा विषय जाहीर व्याख्यानासाठी घेतला, की वक्त्याच्या भाषणापेक्षा श्रोत्यांच्या प्रतिक्रियाच अधिक बोलक्या ठरतात. तरुण मंडळी श्रेयावरून हमरीतुमरीवर येतात. खरा जनक कोण, नाव कोणाचे लागले, कोणाचे राहून गेले, यावर त्यांचा वाद रंगतो. वडीलधाऱ्यांचा प्रश्न निराळा असतो. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेल्या आणि व्यापारी पेठ म्हणून वाढलेल्या जयसिंगपुरात तो प्रश्न सहज सुचावा असाच आहे : ‘एवढी मेहनत करून वस्तू फुकट वाटली, तर वाटणाऱ्याचे पोट भरते कशावर? आणि फुकटच्या वस्तूची हमी कोणी घ्यायची?’

असे विचारणाऱ्याला अडाणी ठरवण्याचे कारण नाही. हाच प्रश्न १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना लिहिलेल्या खुल्या पत्रात विचारला होता. त्यांचे सॉफ्टवेअर लोक पैसे न देता एकमेकांना देत होते. व्यावसायिक दर्जाचे काम विनामोबदला करणे कोणाला परवडेल, असा त्यांचा रोकडा सवाल होता. व्यापारी बुद्धीला तो तेव्हाही पटला आणि आजही पटतो. तथापि पुढील पन्नास वर्षांत घडले ते या सवालाच्या अपेक्षेपेक्षा बरेच वेगळे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा मुख्य कारभारी. यंत्र, पडदा, छपाई आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर या सर्वांना कामे वाटून देणारा. हा कारभारी ज्या लेखनातून घडतो, ते मूळ लेखन म्हणजे सोर्स कोड. बाजारातील बहुतेक कंपन्या यंत्राला कळेल असे तयार रूप तेवढे विकतात आणि मूळ लेखन स्वतःजवळ ठेवतात. ताळेबंद हाती द्यावा, पण व्हाउचरे पाहू देऊ नयेत, तसाच हा प्रकार. बेरीज बरोबर आहे यावर ग्राहकाने विश्वास ठेवायचा.

युनिक्स नावाची प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून आकाराला आली. ही प्रयोगशाळा एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची. मक्तेदारीच्या खटल्यात १९५६ मध्ये झालेल्या तडजोडीने या कंपनीला दूरध्वनीच्या व्यवसायाबाहेर जाण्यास मज्जाव झाला होता. त्यामुळे हाती आलेला उत्तम माल तिला दुकान मांडून विकता येईना. विद्यापीठांना तो अल्प शुल्कात मिळू लागला आणि त्यासोबत मूळ लेखनही. औदार्य म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याच्या मुळाशी न्यायालयाची मनाई होती. व्याख्यानांतून ही गोष्ट बहुधा एका वाक्यात उरकली जाते. वस्तुतः पुढचे सारे तिच्यामुळे घडले.

विद्यापीठांतील मुलांनी ते लेखन वाचले, दुरुस्त केले, वाढवले. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे त्याची एक स्वतंत्र शाखाच तयार झाली. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी त्यावर ओळीओळीने भाष्य लिहिले. मग कंपनीला आपल्या मालाची किंमत कळू लागली. १९७९ च्या आवृत्तीसोबत परवान्याच्या अटी कडक झाल्या आणि मूळ लेखन वर्गात शिकवण्यास बंदी आली. लायन्स यांचे भाष्य पुढे अनेक वर्षे छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिले. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन झाले, जुनी मनाई उठली आणि युनिक्स हा रीतसर विक्रीचा माल झाला.

एक दार लागले, की कोणीतरी शेजारी दुसरे पाडते. शिकवायला मूळ लेखन उरले नाही, म्हणून ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स ही छोटी प्रणाली स्वतः लिहिली. तीही पुस्तकाच्या प्रकाशकाच्या अटींनी बांधलेली होती. तिच्यावर हात बसवलेल्या फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केले, की आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहोत आणि ती काही मोठी होणार नाही. हीच लिनक्स. जानेवारी १९९२ मध्ये टॅनेनबाउम यांनी तिची रचना कालबाह्य असल्याचा निर्वाळा चारचौघांत दिला. विद्यार्थ्यानेही तितक्याच तिखटपणे उत्तर दिले. शास्त्रीय मुद्दा प्राध्यापकांच्या बाजूने होता असे मानणारे जाणकार आजही आहेत. बाजाराने मात्र तो मुद्दा विचारात घेतला नाही.

श्रेयाचा वाद इथून सुरू होतो. टोरवाल्ड्स यांनी लिहिला तो प्रणालीचा गाभा. त्याभोवतीची पुष्कळशी अवजारे आधीच तयार होती. २७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्सच्या तोडीची, पण सर्वांना मोकळी अशी ग्नू नावाची प्रणाली लिहिण्याचा संकल्प सोडला आणि वर्षानुवर्षे ते तिच्यासाठी खपले. त्यांचा गाभा तेवढा वेळेवर सिद्ध झाला नाही. ‘ग्नू-लिनक्स’ असे जोडनाव घ्यावे हा त्यांचा आग्रह अनेकांना हटवादीपणाचा वाटतो. पण मिठाईवर दुकानाचे नाव झळकावे आणि आचाऱ्याची कोणी चौकशीही करू नये, यातला सल पेढीवरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

स्टॉलमन यांची सर्वांत मोठी करामत मात्र एका कराराच्या मसुद्यात आहे. जीपीएल या नावाने ओळखला जाणारा हा परवाना १९८९ मध्ये आला आणि १९९२ मध्ये टोरवाल्ड्स यांनी लिनक्ससाठी तो स्वीकारला. मालकी हक्क सोडून देणे ही त्यातील कल्पना नव्हे. हक्क राखून ठेवायचा आणि त्याच्या बळावर पुढच्याला बांधायचे : वस्तू वापरा, बदला, विकासुद्धा; मात्र जिला प्रत द्याल त्या व्यक्तीला मूळ लेखनही याच अटीवर मिळाले पाहिजे. स्वतःच्या पेढीवर वापरणाऱ्याला यात काहीच देणे लागत नाही. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने दोन्ही अर्थ सांगावे लागत असल्यामुळे तिकडे घोटाळा होतो. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे शब्द मुळातच वेगळे आहेत. तरी आपण ‘फुकट’ हाच शब्द उचलला, याचे मात्र नवल वाटते.

बर्कलीच्या शाखेचे काय झाले, हेही व्यापाऱ्याने ऐकावे असे आहे. युनिक्सचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीने १९९२ मध्ये त्या शाखेवर दावा लावला. फेब्रुवारी १९९४ मध्ये तडजोड झाली तेव्हा सुमारे अठरा हजार फायलींपैकी अवघ्या तीन काढाव्या लागल्या. एवढ्यासाठी दोन वर्षे ग्राहक बिचकून दूर राहिले आणि त्याच दोन वर्षांत लिनक्सने बाजार धरला. बर्कलीचा तो माल आपल्याला वेळेवर मिळाला असता, तर लिनक्स बहुधा जन्मालाच आली नसती, असे टोरवाल्ड्स यांनी पुढे स्वतःच सांगितले.

आता आपल्याकडे वळू. ग्नूचा संकल्प जाहीर झाला त्याच सप्टेंबर १९८३ मध्ये भारतात बँक व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. आयबीएम १९७८ मध्येच देश सोडून गेली होती आणि अनेक देशी कंपन्या आपापली यंत्रे बनवत होत्या. प्रत्येकाची प्रणाली निराळी असती, तर एका कंपनीच्या यंत्रावरचे लेजर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उघडले नसते आणि बँक त्या विक्रेत्याच्या दारी कायमची बांधली गेली असती. बँकांच्या संगणकीकरणात युनिक्सला मानक धरले गेले, त्यामागचे मोठे व्यावहारिक कारण हे. काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या अक्षरांनी शाखेतील खतावणी यंत्रावर आली, तेव्हा काउंटरपुढे उभ्या असलेल्या खातेदाराला त्यामागचा हा विचार ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ग्राहकाने यंत्र बदलले तरी हिशेब आपलाच राहावा, हा तो विचार होता.

पुढे मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने आपला व्यवहार लिनक्सवर आणला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही लिनक्सवर बेतलेली, मराठीसह अनेक भारतीय भाषा जाणणारी प्रणाली दिली. मुंबईच्या आयआयटीने लिनक्स शिकवणारे पाठ मराठीतूनही उपलब्ध केले. एवढे असून पेठेतल्या दुकानांनी ही प्रणाली उचलली नाही. टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी होते, हे एक कारण. दुसरे कारण उघड बोलले जात नाही. विंडोजची परवान्यावाचून प्रत ओळखीचा कोणीतरी येऊन टाकून देत असे. जी वस्तू रीतसर मोफत होती, तिला बेकायदा मोफत वस्तूने बाजारातून हटवले. किंमत दोन्हींची शून्य. पण एकीत हक्क मिळत होता आणि दुसरीत केवळ सोय.

पोट कशावर भरते, याचे उत्तर व्यापाऱ्यालाच लवकर कळावे. कायद्याचे पुस्तक कोणीही वाचावे. तरी वकिलाची फी चुकत नाही. लिनक्सचा गाभा आज बहुतांशी मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते लिहितात, कारण त्या कंपन्यांचा स्वतःचा व्यवसाय त्यावर चालतो. रेड हॅट ही कंपनी मोकळ्या मालाची देखभाल आणि हमी विकत असे. २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरना घेतली. जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांवर २०१७ पासून लिनक्सच आहे. गल्ल्यावर ठेवलेल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तिचाच गाभा आहे.

हमीचा प्रश्न मात्र इतक्या सहज मिटत नाही, आणि खुल्या प्रणालीचे भक्त तो टाळतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या साधनात चोरवाट घातल्याचे उघडकीस आले. ते साधन असंख्य लिनक्स संगणकांत असते. सांभाळणारा मात्र एकटा, थकलेला, विनावेतन माणूस. एका अनोळखी मदतनिसाने दोन वर्षांहून अधिक काळ चोख काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि तिजोरीची किल्ली हाती येताच डाव साधला. नव्या मुनिमाने असा विश्वास संपादन केल्याच्या कथा पेढ्यांना नव्या नाहीत. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले आणि त्याने खोदून पाहिले, म्हणून प्रकार हाती लागला. लेखन उघडे होते, त्यामुळे त्याला ते पाहता आले, हे खरे. पण उघडे आहे म्हणून कोणीतरी पाहतच असेल, असे समजून सारेच निर्धास्त होते, हेही तितकेच खरे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मोफत देखभाल संपली आणि पुष्कळ दुकानांतील चालती यंत्रे नव्या आवृत्तीच्या अटींत बसेनात. काहींनी यंत्र बदलले, काही तसेच रेटत आहेत. अशा जुन्या यंत्रावर लिनक्स चालू शकते. परंतु हिशेबाचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालते का आणि अडल्यास तासाभरात येणारा माणूस गावात आहे का, या दोन्हींची खातरी करूनच पाऊल टाकावे. जीएसटीच्या कायद्यानुसार वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. बासनात बांधलेली वही तितकी वर्षे कोणीही उघडून वाचू शकतो. सॉफ्टवेअर कोणतेही घ्यावे, बंद वा खुले. विक्रेत्याला मात्र आधी विचारावे, की तुमचे दुकान उद्या बंद झाले, तर या ७२ महिन्यांच्या नोंदी आमच्या मुलाने कोणत्या साधनाने उघडायच्या? त्याचे उत्तर बिलाबरोबर लेखी घ्यावे.