क्रॅश डंप म्हणजे काय? बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या 'पंचनाम्या'त गुपितं कशी अडकतात?

मोबाइलवर एखादं ॲप अचानक बंद पडतं आणि स्क्रीनवर प्रश्न येतो, 'रिपोर्ट पाठवायचा का?' बहुतेक जण न वाचताच 'हो' म्हणतात आणि पुढे जातात.

या रिपोर्टमध्ये नेमकं काय जातं? हा प्रश्न किती गंभीर असू शकतो, हे २०२३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका ईमेल हॅकिंगमुळे जगासमोर आलं.

मेमरीचा फोटो कशासाठी काढतात?

सॉफ्टवेअर चालू असताना त्याला लागणारी माहिती रॅममध्ये असते. हार्ड डिस्क म्हणजे कपाट मानलं, तर रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ज्याच्यावर काम चालू आहे, ते सगळं ओट्यावर मांडलेलं असतं. वीज गेली की ओटा रिकामा होतो.

म्हणूनच प्रोग्राम कोसळला की त्या क्षणी मेमरीत काय होतं, याची प्रत फाईलमध्ये साठवून ठेवतात. तिला क्रॅश डंप किंवा मेमरी डंप म्हणतात. अपघातानंतर पोलीस जागेचा पंचनामा करतात, तसाच हा प्रकार. प्रोग्राम कोणती ओळ चालवत होता, हातात कोणते आकडे होते, चूक कुठे झाली, हे इंजिनिअर त्यावरून शोधतात.

याचा उपयोग मोठा आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कंप्युटर बंद पडले. भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने क्रॅश डंप तपासून दाखवलं की क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर मेमरीतल्या चुकीच्या जागेवरून माहिती वाचायला गेला होता.

मग धोका कुठे आहे?

धोका पंचनाम्यातच आहे. ओट्याचा फोटो काढला की त्यावर ठेवलेली किल्लीही फोटोत येते. डिस्कवर कुलूपबंद असलेली माहिती वापरताना बहुतेक वेळा मेमरीत उघडी करावी लागते. त्यामुळे पासवर्ड, संदेश, बँकेचे तपशील किंवा गुप्त डिजिटल किल्ल्या डंपमध्ये सापडू शकतात.

२०२३ मध्ये काय झालं?

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या लक्षात आलं की त्यांच्या ईमेल खात्यांमध्ये कुणीतरी शिरलं आहे. मायक्रोसॉफ्टने या हल्ल्यामागे चीनमधला 'स्टॉर्म-०५५८' हा गट असल्याचं सांगितलं. अमेरिकेच्या तत्कालीन वाणिज्य मंत्री जीना रायमोंडो आणि चीनमधले तत्कालीन राजदूत निकोलस बर्न्स यांच्या ईमेलपर्यंत हल्लेखोर पोहोचले होते. एकट्या परराष्ट्र खात्याच्या सुमारे ६०,००० ईमेल डाउनलोड झाल्या.

हल्लेखोरांनी पासवर्ड फोडले नव्हते. त्यांच्याकडे मायक्रोसॉफ्टची २०१६ मध्ये तयार झालेली एक 'साइनिंग की' होती. ही किल्ली म्हणजे ओळखपत्रावर मारायचा सरकारी शिक्काच. शिक्का हाती आल्यावर खोटी ओळखपत्रं हवी तितकी बनवता येतात.

हा शिक्का बाहेर कसा गेला? सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक शक्यता मांडली. एप्रिल २०२१ मध्ये साइनिंगची यंत्रणा कोसळली आणि तिचा क्रॅश डंप तयार झाला. डंपमधून अशा किल्ल्या आपोआप गाळल्या जायला हव्या होत्या, पण सॉफ्टवेअरमधल्या एका दोषामुळे ही किल्ली आत राहिली. पुढे तो डंप इंटरनेटशी जोडलेल्या नेटवर्कवर तपासणीसाठी नेला गेला. नंतर हल्लेखोरांनी तिथे प्रवेश असलेल्या एका इंजिनिअरचं खातं ताब्यात घेतलं.

पण गोष्ट इथे संपत नाही

मार्च २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच मान्य केलं की ती किल्ली असलेला क्रॅश डंप त्यांना सापडलेलाच नाही. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डाचा अहवाल आला. हा हल्ला टाळता आला असता, असं त्यात म्हटलं होतं. किल्ली नेमकी कशी गेली, हे कंपनीला ठाऊक नाही आणि आपली आधीची माहिती दुरुस्त करायला तिने महिनोन् महिने लावले, यावरही बोर्डाने बोट ठेवलं.

म्हणजे या प्रकरणात क्रॅश डंप दोषी ठरलेला नाही, तो संशयित आहे. तरीही संशय तिथे गेला, यातच बरंच काही आलं. दुरुस्तीसाठी काढलेली प्रत मूळ यंत्रणेइतकीच जपावी लागते. पण ती 'फक्त तपासणीची फाईल' समजली जाते आणि तिच्याभोवतीचा पहारा सैल होतो.

सामान्य वापरकर्त्याने काय करावं?

विंडोजमध्ये 'ऐच्छिक डायग्नोस्टिक डेटा' नावाची सेटिंग आहे. ती चालू असेल, तर क्रॅशच्या वेळची मेमरीची स्थिती कंपनीकडे जाऊ शकते. त्यात उघड्या फाईलमधला मजकूर अनवधानाने येऊ शकतो, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात जाऊन ती बंद करता येते.

रिपोर्ट पाठवणं वाईट नाही. अशा रिपोर्टमुळेच सॉफ्टवेअरमधल्या चुका दुरुस्त होतात. पण बँकेचं काम किंवा ऑफिसची गोपनीय फाईल उघडी असताना प्रोग्राम कोसळला, तर 'हो' दाबण्याआधी दोन सेकंद थांबलेलं बरं. आणि क्रॅशची फाईल मदतीसाठी कुठल्या ग्रुपवर टाकणार असाल, तर ती अजिबात टाकू नका. त्या फाईलमध्ये काय अडकलं आहे, हे वरवर पाहून कळत नाही.