पहिला दिवस मागच्याचा

परीक्षा संपली की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, 'चला, कुठेतरी जाऊ.' यंदा त्या 'कुठेतरी'चं नाव जरा लांबचंही असू शकतं. शाळेतला कोणी मित्र शिकायला जर्मनीत गेलाय आणि तिथून व्हिडिओ पाठवतोय. नदीकाठचा गुळगुळीत रस्ता, त्यावर ट्रक नाही, कार नाही, नुसत्या सायकली. कॅरिअरवर तंबू बांधलेला. खाली लिहिलंय, 'पोट्टेहो, या एकदा इकडे. सायकलने फिरू, तंबूत राहू.' मग ग्रुपमधलाच कोणी टोमणा मारतो, 'काऊन बे, इथे तुमसरला जायला तुले गाडी लागते, अन् निघाला युरोपात सायकल चालवाले!' सगळे हसतात आणि विषय संपतो.

दोस्तहो, आमचं म्हणणं एवढंच की विषय इतक्या लवकर संपवू नका. आधी नकाशा उघडा.

मित्राच्या व्हिडिओतली नदी बहुतेक डॅन्यूब असेल. युरोपात पहिल्यांदा सायकल घेऊन निघणारे बरेच जण याच नदीच्या काठाने जातात. जर्मनीतल्या पासाउ गावी डॅन्यूबला इन आणि इल्झ या दोन नद्या मिळतात. तिथून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत नदीकाठाने सायकलची वाट आहे, सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या 'युरोवेलो ६' या लांबलचक सायकलमार्गाचा हा एक तुकडा. या वाटेवर बरेच जण पहिला मुक्काम श्ल्योगेनला करतात. तिथे नदी डोंगराला अडून जवळजवळ उलटी वळते. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर.

आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा काढा. भंडाऱ्याहून पहेला, अड्याळ करत पवनी गाठायची, तर अंतर साधारण तेवढंच भरतं. तिकडे डॅन्यूब, इकडे वैनगंगा. परदेशातल्या त्या मोठ्या स्वप्नाचा पहिला दिवस आपल्या भंडारा-पवनी रस्त्याएवढा आहे! पंचेचाळीस किलोमीटर जमेल की नाही, ही शंका म्हणूनच बाजूला ठेवू. पायांना ते जमतं. अडचण येते ती मित्रांची.

सहलीचा पहिला दिवस कसा जातो, ते पाहा. चार-पाच जण निघतात. सकाळची थंड हवा, अंगात जोर. दोघं पुढे सुसाट सुटतात. एकाची सायकल गिअरची, एकाची बाबांच्या काळातली. कॅरिअरवर दहा-बारा किलोचं ओझं, त्यामुळे हँडल हलकं लागतं, सायकल डुलते, ब्रेक मारला तरी लगेच थांबत नाही. सवय नसलेला घाबरून हळू चालवतो आणि मागे पडतो. पुढचे दोघं टपरीवर थांबतात, तर्रीपोहे खातात, सेल्फी काढतात. अर्ध्या तासाने मागचा घामाघूम होऊन पोचतो. तो सायकल स्टँडला लावतो न लावतो, तोच पुढचे म्हणतात, 'आला का? चला मग!' म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नव्हती त्याला अर्धा तास मिळाली आणि ज्याला होती त्याला पाच मिनिटंही नाही. दिवसातून तीनदा असं झालं की संध्याकाळी तो गप्प होतो. तंबू लावायला उठत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणतो, 'तुम्ही जा, मी बसने परततो.'

म्हणून पहिला दिवस मागच्याचा. त्या दिवशी वेग, अंतर आणि थांबे तो ठरवेल. हा नियम निघण्याआधी ठरवा, वाटेत भांडून नाही. सगळ्यात हळू चालवणारा पुढून दुसरा ठेवा. सगळ्यात दमदार गडी शेवटी, हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं सामान त्याच्याकडे. प्रत्येक फाट्यावर थांबा आणि शेवटचा दिसल्याशिवाय हलू नका. तो आल्यावरही दहा मिनिटं थांबा. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी पाणी प्या.

पण मागे पडणारा नेहमी पायांमुळेच पडतो असं नाही. कोणी खिशामुळे मागे असतो. युरोपात जायचं तर शेंगेन व्हिसा लागतो, त्यासाठी बँकेतली शिल्लक दाखवावी लागते, किमान तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा काढावा लागतो, वर विमानाचं तिकीट. ग्रुपमधल्या एकाचे वडील ठेकेदार आणि दुसऱ्याचे दोन एकर धान लावणारे असतील, तर दुसरा 'मला वेळ नाही' असं म्हणेल. त्याला वेळ असतो. पैशाचं बोलायची लाज वाटते. सगळ्यात कमी खर्च ज्याला झेपेल त्याचा आकडा आधी विचारा, तोही चारचौघांत नाही. मग सहल त्या आकड्यात बसवा. पासाउला सायकल भाड्याने मिळते, हॉटेलऐवजी कॅम्पिंगची जागा घेता येते, स्वयंपाक स्वतः करता येतो. तरीही आकडा बसला नाही, तर युरोप दोन वर्षांनी. पवनी आत्ता.

आणि कोणी घरामुळे मागे असते. इथे 'असते' मुद्दाम लिहिलंय. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या गावोगावच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या. तुमच्या वर्गातल्या किती जणींनी धुक्यात, पावसात रोज ते पॅडल मारलंय, एकदा विचारून पाहा. त्यांचे पाय तुमच्यापेक्षा तयार निघतील. त्यांचं अडतं ते रात्रीच्या मुक्कामाशी. ऐन विशीतल्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली, हे आईला सांगून बघा. आई कौतुक करेल आणि म्हणेल, 'ते ठीक आहे, पण रात्री थांबणार कुठे?' आईचा प्रश्न चुकीचा नाही. त्याला टाळाटाळ न करता उत्तर द्या. वाट कोणती, सोबत कोण, पवनीत मुक्काम कोणाच्या मावशीकडे, फोन किती वाजता, सगळं कागदावर लिहून द्या. एवढं करूनही घरून नाहीच म्हणाले, तर मैत्रिणीला खोटं बोलायला लावू नका आणि तिला सोडूनही जाऊ नका. पहिली फेरी मुक्कामाची ठेवूच नका. सकाळी निघा, अड्याळपर्यंत जा, दुपारी घरी या. दोनदा वेळेवर परतलात की तिसऱ्यांदा तीच आई डबा बांधून देईल.

आता शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा तरुण पारशी मित्र सायकलवर जग फिरायला निघाले. आदि हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, केकी पोचखानावाला, गुस्ताद हाथीराम आणि नरिमान कपाडिया. सगळे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे. ना मोबाइल, ना गुगल मॅप. इराण, इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान असं करत सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून ते १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला परतले. परतले ते तिघंच, हकीम, बापासोला आणि भुमगरा. बाकीचे तिघं वाटेत वेगळे झाले. हाथीराम तर अमेरिकेतच राहिले. तिघांनी मिळून पुढे १९३१ मध्ये प्रवासाचं पुस्तक काढलं, त्याला प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची.

आपण ही गोष्ट सांगताना ७१,००० हा आकडा सांगतो. आम्हाला मात्र सहा आणि तीन हे आकडे जास्त सतावतात. साडेचार वर्षांच्या वाटेवर माणसं वेगळी होणारच, त्यात कुणाचा दोष असेलच असं नाही. पण तुमची सहल पाच-सहा दिवसांची. तीत पाच जण निघाले तर पाचही परतायला हवेत, बोलत परतायला हवेत.

शर्यतीचं गणित वेगळं. आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस ॲक्रॉस अमेरिका'चं सुमारे ४,८०० किलोमीटरचं अंतर एकट्याने बारा दिवसांच्या आत पार केलं. त्यांना सलामच. पण तिथे घड्याळ लावलेलं असतं आणि मागे मदतीची गाडी असते. सहलीत मागे फक्त तुमचा मित्र असतो.

तेव्हा दिवाळीनंतर धान कापून झालं, बांध्या मोकळ्या झाल्या की रंगीत तालीम करा. हवा थंड असते, उजेड पुरतो. निघण्याच्या आधीच्या रविवारी ओझं बांधून गावातच दोन चकरा मारा. जड सामान खाली आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारखं, तंबू वर. पॅडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकला पाहिजे, तेवढी सीटची उंची. पंक्चर काढायला प्रत्येकाने शिका. ओळखीच्या सायकल दुकानात तासभर बसा, ट्यूब घासून, सोल्यूशन लावून थिगळ कसं चिकटवतात ते स्वतःच्या हाताने करा.

राष्ट्रीय महामार्ग टाळा. रेतीचे टिप्पर आतल्या रस्त्यांवरही भेटतील, म्हणून एकामागे एक चाला, मागे चमकणारी पट्टी लावा, गप्पा थांब्यावर मारा. सकाळी साडेसहाला निघालात तर थांबत-थांबतही दुपारी जेवायला पवनीत असाल. अंधार पडायच्या आत मुक्काम, हा नियम पहिल्या दिवशी तरी मोडायचा नाही. मामा तलावाच्या पाळीवर तंबू छान दिसतो, पण जागा कुणाची आहे ते विचारल्याशिवाय तो ठोकायचा नाही. जंगलात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय मुळीच नाही.

हीच शिस्त तिकडे कामाला येईल. जर्मनी-ऑस्ट्रियात रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं असतं, पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर चूक होते. तंबूही वाटेल तिथे लावता येत नाही, ठरलेल्या कॅम्पिंगच्या जागीच. नॉर्वेत मोकळ्या रानात रात्र काढायची मुभा आहे, पण वस्तीच्या घरापासून किमान दीडशे मीटर दूर. स्वयंपाकाचा गॅस विमानातून नेता येत नाही, तिथेच घ्यावा लागतो. हे सगळं दमलेल्या अंगाने, परक्या भाषेत करायचं असतं. अशा वेळी ज्याच्याशी अड्याळच्या टपरीवर आधीच भांडून-समजून झालंय, तो मित्र सोबत असलेला बरा.

आणि पवनीला पोचलात की एक काम करा. तटबंदी, खंदक, जुनी देवळं, सगळं नंतर पाहा. आधी गावाच्या वेशीवर थांबा. पुढे आलेल्यांनी पाणी भरून ठेवा. मागचा दिसला की त्याच्या कॅरिअरवरचं ओझं उतरवून घ्या आणि त्याला पुढे घालून मग सगळे मिळून नदीच्या घाटावर जा. पाय वैनगंगेत सोडा आणि जर्मनीतल्या मित्राला फोटो पाठवा. फोटोत सगळे असू द्या.